आयोडीन, तांदळाचं पीठ आणि माझा साखरपुडा

माझ्या काखांतून एका दुपारी जेवढं पाणी वाहायचं, तेवढं आमच्या कोनगावच्या नळाला आठवडाभरात यायचं नाही. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर तुम्ही तो नळ पाहिलेला नाही. इतरांना घाम येतो उन्हाने, मेहनतीने, फार तर भीतीने. मला तो पंख्याखाली बसून वहीत समास आखताना यायचा, डिसेंबरात यायचा, आंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत यायचा. शाळेत कवायतीचे सर ‘हात वर’ म्हणाले की मी लगेच आजारी पडायचे. दहा वर्षांत मला इतके रोग झाले की सर वर्गात आले की आधी माझी तब्येत विचारायचे आणि मग हजेरी घ्यायचे. वर्गात बाई प्रश्न विचारायच्या तेव्हाही तेच. मला उत्तर यायचं, पण हात वर करायची सोय नव्हती. दप्तरी नोंद ‘अबोल व मंद’ अशी झाली. वडिलांनी नाव ठेवलं होतं शीतल.

आता चाळिशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून हे लिहायला बसले. त्या काळात काखेबद्दल बोलणंसुद्धा असभ्य होतं. पाठ दुखते म्हणता यायचं, पोट बिघडलंय म्हणता यायचं, काखेला मात्र आमच्या घरी नावच नव्हतं. आई ‘तिथं’ म्हणायची. ‘तिथं पावडर लाव गो.’ मी एवढी पावडर लावायचे की कॉलेजला निघताना माझ्या मागे पांढरा माग राहायचा, आणि पळस्पे फाट्यावर उतरेपर्यंत त्या पावडरीचं थालीपीठ झालेलं असायचं. पनवेलला आमचे शिंपी होते मन्सूरभाई. त्यांनी माझ्या ब्लाउजला आतून एक पदर लावून पाहिला, मग दोन, मग तीन. शेवटी टेप गळ्यात टाकून हताश होऊन म्हणाले, “बेटा, यह बगल नहीं है, गाढी नदी है. इसको अस्तर नहीं, बांध लगता है.” त्या तीन अस्तरांमुळे माझे हात अंगापासून वीतभर लांब राहायचे आणि मी गल्लीतून चालले की लोकांना वाटायचं, ही पोर कुस्तीला निघाली आहे.

घर मात्र आमचं थंडगार असायला हवं होतं. एक्सप्रेसवे आमच्या शेताच्या बरोब्बर पोटातून गेला आणि बाबा शेतकऱ्याचे बिल्डर झाले. त्यांनी जो बंगला बांधला त्यात ग्रॅनाइट एवढं होतं की आमची मांजर ओटीवर उडी मारायची ती घसरत थेट न्हाणीघरात जाऊन थांबायची. प्रत्येक खोलीत एसी, जिन्यातसुद्धा एक. पण ते दिवस लोडशेडिंगचे. दुपारी लाइट गेली की सगळे एसी भिंतीवरच्या फोटोंसारखे शांत व्हायचे, इन्व्हर्टर कोपऱ्यात रडत राहायचा आणि हायवेवरच्या कंटेनरचे ब्रेक उंबऱ्यापर्यंत किंचाळत यायचे. आईला त्या किचनमधला मॉड्युलर कारखाना कधीच पटला नाही. ती मागच्या पडवीत चूल मांडून बसायची; तव्यावर तांदळाची भाकरी फुगायची, बाजूच्या टोपात सुक्या सोड्यांचं कालवण, आणि त्या वासाने बाबा बांधकामाच्या जागेवरून बरोब्बर वेळेवर यायचे, पायांना सिमेंट आणि बोटांत दोन अंगठ्या. बाबांचा जगण्याचा नियम एकच होता: घ्यायचं ते सगळ्यात मोठं. गाडी मोठी, टीव्ही मोठा, देव्हारा एवढा मोठा की गणपती त्यात एकटा पडला.

अशात मला स्थळ आलं. मुलगा नीलेश, द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर, उरणकडचा, आमच्यातलाच. बघायला आले तेव्हा मी पोह्यांचा ट्रे पुढे केला आणि माझ्या फिकट निळ्या ब्लाउजवर दोन्ही बाजूंना पौर्णिमा उगवली. नीलेशने नजर दुसरीकडे वळवली. तो सभ्यपणा मला फार भावला. त्यामागचं कारण कळायला दोन महिने जायचे होते. त्याच्या आईने मात्र डोळे भरून पाहिलं. निघताना माझ्या आईच्या कानाशी लागून, पण सगळ्या ओटीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “पोर चांगली हाय वो. तेवढं काखंचं बगा. आता ऑपरेशन निघालंय त्याचं. साखरपुड्याच्या टायमाला करून टाका, लग्नाला सुकी पोर उभी ऱ्हाईल.” जशी काही मी वाळत घातलेला बोंबील होते. या बाईला असलं ऑपरेशन निघाल्याची बातमी कुणी दिली, हे त्या दिवशी आमच्या अख्ख्या हुशार घरात एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

इथे एक कबूल करते. मला नीलेश आवडला होता. रोज फोन करायचा, गोदामातल्या साहेबांच्या नकला करायचा, मी हसून हसून खाट हलवायचे. त्याच्यासाठी मी काखाच काय, हातसुद्धा काढून ठेवले असते. त्यामुळे ऑपरेशनला मी नाही म्हटलं नाही. लग्नाआधी सुकायचंच, असं मीही ठरवलं.

बाबा मला पनवेलच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर शांत, चष्मेवाले, वाक्य पूर्ण करणारे गृहस्थ होते. बाबा वाक्य पूर्ण करू न देणारे. डॉक्टरांनी कागदावर काख काढली आणि समजावायला लागले. “पहिला मार्ग ऑपरेशनचा नाही, इंजेक्शनांचा आहे. काही महिने घाम थांबतो, मग पुन्हा घ्यायची.”

“भाड्याचं घर,” बाबा म्हणाले. “फुडचं सांगा.”

“दुसरा, काखेत बारीक छेद देऊन आतल्या घामाच्या ग्रंथी खरवडून ओढून काढायच्या. भूल तेवढ्या जागेपुरती. घाम बराच कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही.”

“नारळ खवतात तसं,” बाबांनी मला भाषांतर करून सांगितलं. “फुडचं.”

“तिसरा, जिथे जास्त घाम येतो तेवढा कातडीचा तुकडाच काढून शिवून टाकायचा. पण व्रण मोठा राहतो, हात वर करताना ओढ बसते. आणि चौथं मोठं ऑपरेशन. छातीत दुर्बीण घालून घामाचा हुकूम नेणारी नस कापतात किंवा चिमट्याने बंद करतात. ते मुख्यतः तळहातांच्या घामासाठी, तेही अगदी शेवटचा उपाय म्हणून. आणि त्यात पण—”

“कॅमेरा असतो?” बाबांचे डोळे चमकले.

“असतो, पण—”

“मुंबईला करतात?”

“हो, पण—”

“हेच करू. आमची एकच पोर हाय, डॉक्टर.”

डॉक्टरांचे तिन्ही ‘पण’ बाबांनी हवेतच झेलून खिशात टाकले. डॉक्टरांनी शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग ते म्हणाले, निदान घाम नेमका कुठे आणि किती येतो ते तपासू. पण त्यांच्या एसीत माझ्या काखा जन्मात पहिल्यांदा कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या! शाळेत दहा वर्षं मी आजारी पडायचे. आज माझा आजारच आजारी पडला. तेव्हा डॉक्टरांनी आयोडीनची बाटली दिली. घरी, गरम होत असताना काखेला लावायचं, वाळू द्यायचं, वर पीठ भुरभुरायचं. घाम येईल तिथे पीठ काळंनिळं होतं. त्याचा फोटो काढून आणायचा.

फोटोची वाट बाबा कशाला बघतात! मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या सर्जनची वेळ त्यांनी ओळखीतून मिळवली. आमच्याकडे काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा जातो. आमच्या खाडीचा हा मासा आजवर किती फायली पुढे सरकवून गेला असेल याची गणती नाही. बाबांनी सर्जनसाहेबांकडे बर्फात घालून एवढा जिताडा पाठवला की त्याची शेपटी गाडीच्या खिडकीतून बाहेर होती आणि टोलनाक्यावर त्याला माणूस समजून सलाम झाला. (साहेब शाकाहारी निघाले. मासा त्यांच्या ड्रायव्हरने खाल्ला आणि पुढे वर्षभर तो बाबांना सर्जनपेक्षा जास्त मान द्यायचा.) तिकडून चार पानी मराठी संमतिपत्र आलं. बाबांनी शेवटचं पान उघडून सही ठोकली आणि मला म्हणाले, “कर गो सही.” मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, निबंधाची दोन बक्षिसं मिळवलेली, पुस्तकांशिवाय न झोपणारी. एक ओळ न वाचता सही केली. रविवारी साखरपुडा, गुरुवारी ऑपरेशन असं ठरलं.

आता आमच्या जनाआत्याची ओळख करून द्यायला हवी. ही बाबांची थोरली बहीण, धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत भटजी आला तर आला, धवले गाणारी धवलारीण पाहिजेच. ती गाऊन लग्न लावते. आत्याने आजूबाजूच्या पाच गावांतली अर्धी लग्नं लावली होती आणि उरलेली अर्धी तिच्या आवाजाला घाबरून पळून जाऊन झाली होती. शनिवारी मी पडवीत आयोडीनचा प्रयोग करत होते तेव्हा ती अचानक आली. माझ्या काखेत तांदळाचं पीठ डोळ्यांदेखत काळंनिळं होताना बघून आधी किंचाळली, मग जवळ येऊन बसली, मग स्वतःचा पदर सारून म्हणाली, “मना पन लाव.” तिचीही काख निळी झाली. आत्या त्या निळ्यावर बोट फिरवत म्हणाली, “ही बाटली खोटं बोलत नाय गो.” जाताना बाटली कमरेला खोचून घेऊन गेली. मला वाटलं, वयाप्रमाणे विसरली.

रविवारी दारात मांडव, वैशाखातलं ऊन, पाहुणे उरणहून दोन टेम्पो भरून. मटणाचा रस्सा, तांदळाचे वडे, कोलंबीचा भात. अंगठ्या घालून झाल्या आणि पहिली पंगत उठते न उठते तोच लाइट गेली. मांडवातले पंखे गरगरत थांबले. माणसं वह्यांनी, पत्रावळींनी, एकमेकांच्या टोप्यांनी वारा घ्यायला लागली. बायकांच्या घोळक्यात माझी होणारी सासू मला न्याहाळत बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, “गुरवारचं पक्कं हाय ना वो? नायतर हळदीला मांडवात पूर यायचा, आमची मानसं टेम्पो सोडून होडी घेऊन येतील.” तिकडच्या बायका खदखदून हसल्या. माझ्या आईने मान खाली घातली. मी हात अंगाला एवढे घट्ट दाबले की बांगड्या कातडीत रुतल्या.

आत्या तेव्हा गात होती. तिने गाणं अर्ध्यात तोडलं. आमच्याकडे धवलारणीने गाणं तोडलं की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात.

“याहीनबाय,” आत्या सासूबाईंकडे वळून म्हणाली, “आमची पोर तुमी पारखली. आता आमच्यात रीत हाय. जी पोर पारखली, तिच्या घरच्यांनी नवरा पारखायचा.”

“काय पारखायचं ते पारखा,” सासूबाई म्हणाल्या. “सोनं हाय माझा पोर.”

ही रीत खरी होती की आत्याने तिथल्या तिथे पाडली, ते मला आजही माहीत नाही. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता ती नाही. तिने कमरेची बाटली काढली, आईकडून परातभर तांदळाचं पीठ मागवलं आणि सरळ मांडवात पुरुषांच्या बाजूला गेली. पुढे जे झालं त्याला मी दोष कुणाला देऊ? अंगाची लाही झालेली, मटण खाल्लेली, सदरा काढायला निमित्त शोधणारी दीड-दोनशे माणसं होती ती. पहिला पुढे आला नीलेशचा मामा. हत्तीएवढा माणूस. “लावा, काय व्हतंय!” त्याच्या काखेला आयोडीन लागलं, पीठ उडालं आणि मिनिटभरात तिथे शाईची दौत सांडल्यासारखं झालं. हशा. मग आमचे बाबा. तेही निळे. मग काका, मग बँजोवाले, मग फोटोग्राफर. हात वर करून निळ्या काखा दाखवत नाचणाऱ्या पुरुषांचं ते दृश्य बघून मला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घामाची लाज थोडी कमी वाटली.

“आता नवरा!” कुणीतरी ओरडलं.

नीलेश मागे सरकला. “मला बरं नाही वाटत.” दोस्तांनी धरला. गडद सदरा काढला, खाली बनियन. तो काढला, खाली दुसरा बनियन! तोही निघाला. काखांना आयोडीन लागलं आणि दोस्तच ते, त्यांनी उरलेल्या आयोडीनने पाठीवर बोटाने ‘शीतल’ लिहिलं. वर आत्याने मूठमूठ पीठ उधळलं.

काखा कोऱ्या राहिल्या. एक ठिपका नाही. क्षणभर माझी छाती अभिमानाने फुगली. मग तो वळला. पाठीवरून घामाचे पाट सुटले होते. आयोडीन, पीठ आणि पाणी एकत्र होऊन मानेपासून कमरेपर्यंत काळंनिळं वाहत होतं. माझं नाव पहिल्या अक्षरापासून विरघळत पँटीत जात होतं. आत्याने त्याचा हात वर धरला आणि काखेखाली बोट ठेवलं. दोन बारीक पांढरे व्रण. दुसऱ्या बाजूला पण दोन.

“ह्ये कसलं रं?”

“ल्हानपनी पडला व्हता,” सासूबाई धावत येत म्हणाल्या.

“दोनी काखंत सारखाच पडला?”

नीलेश माझ्याकडे बघत होता. मी बायकांच्या बाजूने उठून मांडवाच्या मध्यापर्यंत कधी चालत गेले ते मला आठवत नाही. मी विचारलं, “तेच ऑपरेशन ना?”

त्याने मान हलवली. दोन वर्षांपूर्वी केलं होतं. काखा सुकल्या आणि घाम पाठीत आला, पोटावर आला, मांड्यांत आला. तिखट खाल्लं की डोकं भिजतं. गोदामात दिवसाला तीन सदरे लागतात. हे सगळं तो हळू आवाजात, माझ्याशी एकटीशी बोलावं तसं बोलत होता. दीडशे निळ्या काखा ऐकत होत्या.

तेवढ्यात बाबा आत गेले आणि ती संमतिपत्राची फाइल घेऊन आले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. “पोरा, माझा चष्मा गाडीत हाय. मना ह्ये वाचून दाखव.” चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता. नीलेशने उघड्या अंगाने, पीठ लागलेल्या हातांनी पान उलटलं आणि वाचलं. अंगाच्या इतर भागांना घाम वाढू शकतो. तो कायमचा राहू शकतो. कापलेली नस परत पहिल्यासारखी होईल याची खात्री देता येत नाही. बाबांनी ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांचे ओठही सोबत हलत होते.

“तू तुझ्या वेळी हे वाचलं होतंस?” मी विचारलं.

“नाही. नंतर वाचलं.”

“आणि माझ्या वेळी?”

त्याने आईकडे पाहिलं. त्याची आईच बोलली, “लग्न झाल्यावर कपड्याखाली कोन बगतंय? दोघं बी घामट निघाली तर पोरं कशी निपजतील, म्हनून म्हटलं, एकीचा तरी बंदोबस्त करू!” या बाईने माझ्या नसेचा विचार वंशाच्या पातळीवर केला होता, हे मान्य करावंच लागेल.

मी अंगठी काढायला गेले. घामाने बोट एवढं भिजलं होतं की ती एका झटक्यात निघाली. नीलेशच्या पिठाच्या हातावर ठेवली. “तुझ्या पाठीशी मी आनंदाने संसार केला असता,” मी म्हणाले, “पण गुरुवारी मी टेबलावर झोपणार होते आणि तू मला फोनवर साहेबांच्या नकला ऐकवत होतास.” हे वाक्य मी तेव्हा एवढं सुबक बोलले की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. आई म्हणते मी नुसतीच रडले. आई तेव्हा टोपात रस्सा मोजत होती, तिचं काय ऐकायचं.

पाहुणे गेले. उरलेल्या वड्यांवर आम्ही तीन दिवस जगलो. बाबांनी सर्जनकडे फोन करून नाही सांगितलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, दिसेल ते छापलेलं चष्मा लावून मोठ्याने वाचायचे.

मी पुढे शिक्षिका झाले, मनासारखं लग्न केलं, आणि तिशी उलटल्यावर एकटीच पनवेलच्या त्याच डॉक्टरांकडे गेले. मधल्या काळात इंजेक्शनं घेऊन पाहिली होती, दर वेळी घाम पाहुण्यासारखा जायचा आणि सामान इथेच ठेवून जायचा. मी म्हटलं, नारळ खवायचं ते करू. जागेवरची भूल, बारीक छेद, घाम अर्धा जरी गेला तरी मी पेढे वाटेन. (अर्ध्याहून थोडा जास्त गेला. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. पेढे वाटले.) त्यांनी संमतिपत्र पुढे केलं. मी ते वाचलं. वर्गात वाचतात तसं, खड्या आवाजात, एकेक ओळ. कुठे सूज, कुठे रक्त साकळणं, कुठे घाम परत येण्याची शक्यता. बाहेर पेशंटची रांग लागली होती, कंपाउंडरने दोनदा डोकं आत घातलं.

संपल्यावर डॉक्टर म्हणाले, “काही शंका?”

“शंका नाही,” मी पेन खाली ठेवून म्हणाले. “आता तुम्ही वाचा. ‘पण’ आला की थांबा, मी मध्ये बोलणार नाही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कंपाउंडरला दार लावून घ्यायला सांगितलं, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.